बी धरणारं गवत

वर्ध्याला जाणारी माणसं बहुतेक आश्रम पाहायला जातात. मी गवत पाहायला गेले. तेही कुरणभर नव्हे, एक ठोंब.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत चाऱ्याच्या गवतांवर काम करत होते. बाजरी आणि हत्ती गवत यांचा संकर आमच्याकडे वाफ्यावाफ्यांतून उभा होता. पुरुषभर उंच, पानं मऊ, गुरं अक्षरशः धावून यायची. खोट एकच, त्याला बी धरत नसे. कणीस यायचं, फुलायचं आणि पोकळच वाळायचं. शेतकऱ्याला हे गवत हवं असेल तर गाडीभर ठोंबं उपटून न्यावी लागत, आणि पाऊस लांबला की ती वाटेतच सुकत.

कारण आम्हाला माहीत होतं. संकराला बाजरीकडून सात गुणसूत्रं मिळतात, हत्ती गवताकडून चौदा. परागकण तयार होताना गुणसूत्रांनी जोडीनं उभं राहायचं असतं. बाजरीच्या सातांना त्या चौदांपैकी सात जोडीदार सापडतात. उरलेली सात एकटी पडतात, वाट्टेल तिकडे भरकटतात आणि परागकण फुकट जातात. गुणसूत्रं दुप्पट झाली, म्हणजे एकवीसची बेचाळीस, तर प्रत्येकाला जोडीदार मिळेल आणि बी धरेल, हा सरळ हिशेब. तो प्रत्यक्षात आणायला मी पाच वर्षं कोवळ्या कोंबांना औषधाचे बोळे लावत होते. कोंब मरत, नाहीतर वेडेवाकडे वाढून पुन्हा पहिल्यासारखे होत. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या पावसाळ्यात सांगून टाकलं होतं की हा हंगाम शेवटचा. पुढच्या वर्षी विषय बदलायचा.

अशात आष्टी तालुक्यातल्या एका खेड्यातून पत्र आलं. पेन्सिलीनं, रेघांच्या कागदावर.

‘बाई, नागपूरच्या प्रदर्शनात तुमी गवताचे ठोंब वाटले होते. म्हनल्या होत्या, याले बी धरत नाई, धरलं तं मले पत्र टाकजा. एका ठोंबाले धरलं आहे. पाह्याले या. कापनी थांबवून ठेवली आहे. अंजनाबाई.’

चार वर्षांपूर्वीचं ते प्रदर्शन मला आठवलं, पण असं काही बोलल्याचं आठवेना. गर्दीत गमतीनं म्हणून गेले असेन. या बाईंनी ते खरं धरून चार वर्षं गवतावर नजर ठेवली होती.

सरांनी पत्र वाचून चष्मा काढला. ते म्हणाले, ठोंबं देताना सरमिसळ झाली असणार. साध्या हत्ती गवताचं ठोंब गेलं असेल, आणि त्याला बी येतंच. बोलणं बरोबर होतं. साधं हत्ती गवत असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली चौदा जोड्या दिसतील आणि विषय संपेल. तरी त्यांनी आठवड्याची रजा दिली.

वर्धा ते आष्टी

दसरा होऊन गेला होता. वर्ध्याला उतरले तेव्हा सकाळीच ऊन चटचटत होतं. आमच्या साताऱ्याकडे ऑक्टोबरात सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. इथे स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत घाम फुटला. स्टँडवर गोरसपाकाचा, म्हणजे तिथल्या तुपातल्या बिस्किटांचा, पुडा घेतला आणि आर्वीकडून आष्टीला जाणाऱ्या एस.टी.त बसले.

माझ्यासोबत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात चिमटे, सुया, लहान कुप्या, ॲसिटिक आम्लाची एक बाटली आणि स्पिरिटची एक मोठी बाटली. कोवळं कणीस कापल्याबरोबर या दोन्हींच्या मिश्रणात बुडवावं लागतं, तर पेशी त्या क्षणी जशा असतील तशा थांबतात. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे मला ऐकून माहीत होतं. पण स्पिरिट म्हणजे दारू असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते इतरांच्या डोक्यात येईल, हेही नाही.

आर्वीच्या अलीकडे एका नाल्यावर बस आदळली आणि वरच्या फळीवरून पेटी खाली आली. आम्लाची बाटली वाचली. स्पिरिटची फुटली. पाच मिनिटांत सगळ्या बसमध्ये वास भरला. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावून पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं की बाई चांगल्या घरची दिसते. कंडक्टरनं बस थांबवली आणि पेटी उघडायला लावली.

मी आमच्या प्रयोगशाळेचं पत्र काढलं. ते इंग्रजीत होतं. कंडक्टरनं ते उलटंसुलटं पाहून खिडकीशी बसलेल्या एका मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी उभं राहून ते मराठीत वाचून दाखवलं, अगदी वर्गात वाचावं तसं. बाई गवताच्या अभ्यासासाठी आल्या आहेत, स्पिरिट गवतासाठी आहे, पिण्यासाठी नाही. हे शेवटचं पत्रात नव्हतं, त्यांनी पदरचं घातलं. मग बसमधलं वातावरणच बदललं. दोघातिघांनी चाऱ्याची चौकशी सुरू केली, आणि नाक धरणाऱ्या बाईनं मला एक संत्रं सोलून दिलं. संत्रं गोड होतं, पण माझं लक्ष फुटलेल्या बाटलीकडे होतं. स्पिरिटशिवाय हा प्रवास फुकट होता.

अंजनाबाईंचं वावर

आष्टीला अंजनाबाईंचे यजमान शंकरराव बैलबंडी घेऊन उभे होते. बोलणं कमी, डोक्याला पांढरा रुमाल. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, मधूनमधून संत्र्याच्या बागा, आणि उत्तरेला सागाच्या टेकड्या. गवळाऊ जातीचे पांढरे बैल इतके हलके चालत होते की बंडी ओढताहेत असं वाटतच नव्हतं. आमच्याकडच्या खिलारीसारखे ताठ नव्हेत, पण मोठे समजूतदार वाटले.

अंजनाबाई दारातच होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, कोपरापर्यंत गवतानं कापल्याच्या रेघा. त्यांनी पाणी दिलं, जेवण झालं का विचारलं, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत म्हणाल्या की उजेड आहे तोवर आधी गवत पाहून घ्या.

विहिरीच्या पाटाला गवताची एक ओळ होती. बाकीची ठोंबं कापून खुंट उरले होते. टोकाच्या एकाला मात्र बाभळीच्या काट्यांचं कुंपण. ते इतरांपेक्षा जाड होतं, पानं रुंद आणि गडद. कणसं वाळत आली होती. अंजनाबाईंनी एक कणीस अंगठा आणि बोटात धरून ओढलं आणि तळवा माझ्यासमोर केला. तुसांत बारीक, करडे, भरलेले दाणे होते.

पाच वर्षांत मी अशी हजारो कणसं चोळली होती आणि हाताला भुसाच लागला होता. मी त्यातला एक दाणा नखानं फोडला. आत पांढरं पीठ. मी लगेच दुसराही फोडला.

“धरलं ना?” अंजनाबाईंनी विचारलं.

“धरलंय,” मी म्हणाले.

मग त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. तिथे फुटक्या माठाच्या बुडात त्यांनी दाणे पेरून पाहिले होते. तीन रोपं वीतभर झाली होती. त्या म्हणाल्या, नुसतं धरून काय कामाचं, उगवलं पाह्यजे ना.

रात्री जेवताना त्यांनी कहाणी सांगितली. गेल्या वर्षी ओळीतल्या एका ठोंबाचा एक फुटवा वेगळा दिसला, म्हणून तोच फोडून टोकाला लावला. यंदा त्याला दाणा दिसल्यावर त्यांनी कापणी थांबवली. नेमकी तेव्हाच गाय व्याली. चारा कमी पडू लागला आणि गावातले हसू लागले की अंजनाबाई गवताला जपते आणि गाईला उपाशी ठेवते. शंकरराव एकदा विळा घेऊन निघालेही होते. ते समोरच बसून ऐकत होते. त्यांनी मान हलवून कबूल केलं.

“मग थांबलात कशाला?” मी त्यांना विचारलं.

“हिनं काटे लावले ना,” ते म्हणाले. “मले काटे काढाचा कंटाया आला.”

अंजनाबाई खाली बघून हसल्या. नंतर कळलं की तेव्हापासून ते रोज नाल्यावरून दुसरं गवत कापून आणत होते.

जेवायला गोळाभात होता. डाळीचे तिखट गोळे भातात शिजवलेले आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. त्यांनी विचारलं, सांबार टाकू का? मला वाटलं मद्रासी आमटी. मी म्हटलं, थोडंसं वाटीत द्या. त्यांनी निमूटपणे वाटीभर चिरलेली कोथिंबीर समोर ठेवली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला ती संपवताना समजलं.

गुरांचा दवाखाना

सकाळी ठोंब नीट पाहिलं. माझ्या कामाला वाळलेली कणसं नको होती. पोटरीत असलेलं, अजून बाहेर न पडलेलं कोवळं कणीस हवं होतं. हंगाम संपत आलेला. अशा पोटऱ्या तीनच उरल्या होत्या, आणि हाताशी स्पिरिट नव्हतं.

आष्टीत औषधाच्या दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि मान हलवली. शंकररावांनी मग मला गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांच्याकडे स्पिरिट होतं, पण कपाटाला कुलूप होतं आणि थेंबाथेंबाचा जाब त्यांना द्यावा लागे. गवताला स्पिरिट कशाला, हे त्यांना कळेना. मी टेबलावरचा कागद ओढून सात जोड्या आणि सात एकटी काढून दाखवली. मग एकवीस जोड्या काढल्या.

त्यांनी कागद आपल्याकडे फिरवून जोड्या मोजल्या. मग म्हणाले, अंजनाबाईंच्या गाईचं वासरू पंधरा दिवसांपूर्वी आडवं आलं होतं, ते त्यांनीच सोडवलं. त्या रात्री बाईंनी त्यांनाही हे ठोंब कंदील धरून दाखवलं होतं, आणि त्यांनी हो-हो म्हणून सोडून दिलं होतं.

त्यांनी कुलूप उघडलं. एक बाटली भरून दिली आणि सोबत शिक्का मारलेली मराठी चिठ्ठीही, बसमध्ये पुन्हा पंचाईत नको म्हणून. “आकडा आला की मले कळवजा,” एवढंच त्यांचं मागणं होतं.

हे सगळं होईपर्यंत दिवस गेला. परतलो तेव्हा तीनपैकी एक पोटरी निसवली होती, म्हणजे फुटून कणीस बाहेर आलं होतं. उरल्या दोन. एक जाड, टचटचीत भरलेली. दुसरी बारीक, जेमतेम फुगलेली.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत मी कात्री घेऊन जाड पोटरीपाशी बसले. आमच्या वाफ्यांत मी एवढ्या जाडीच्याच पोटऱ्या कापत असे. अंजनाबाईंनी माझा हात धरला. दोन बोटांत पोटरी वरून खाली चाचपली आणि म्हणाल्या, “हे आज दुपारी निसवते. आतमंदी तयार झालं हाये. तुमाले कच्चं पाह्यजे ना? मंग हे बारकं घ्या.”

मी अडले. बारीक पोटरी फारच कोवळी निघाली तर हातात काहीच राहणार नव्हतं. पण त्या रोज या गवताला हात लावत होत्या, आणि मी माझ्या वाफ्यांतलं गवत ओळखत होते, हे नव्हे. मी दोन्ही कापल्या. दोन कुप्यांत दोन वेगळ्या बुडवल्या आणि जाड, बारीक अशा चिठ्ठ्या लावल्या. त्या हंगामातल्या या शेवटच्या पोटऱ्या होत्या.

बॅग भरताना अंजनाबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. म्हणाल्या, “मी बी येतो. मले पाह्याचं आहे.” तिकडे बाया ‘येतो, जातो’ म्हणतात, त्याची मला तोवर सवय झाली होती. शंकररावांनी बंडी जुंपली, गाईची धार आपण काढू असं सांगितलं, आणि त्या माझ्याबरोबर निघाल्या.

पुन्हा वर्धा

वर्ध्यात माझी वसतिगृहातली मैत्रीण कुमुद एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मुक्काम तिच्याकडेच. कणसं चोवीस तास द्रावणात राहायला हवीत, म्हणून रविवारी सकाळी तिनं आम्हाला पवनारला नेलं. धाम नदीच्या खडकांवर आम्ही पाय सोडून बसलो. पाणी स्वच्छ, वाहतं. अंजनाबाईंनी गुडघाभर पाण्यात उभं राहून तोंड धुतलं आणि काठावरचं गवत उपटून चावून पाहिलं. मी घड्याळ पाहत होते. कुमुद म्हणाली, तू नदीकडे पाठ करून बसलीयस.

दुपारी प्रयोगशाळा उघडली. रविवारामुळे सारं कॉलेज रिकामं. आधी जाड पोटरीची कुपी काढली. परागकोश काचेवर ठेवून लाल रंगात सुईनं चेचला, वर पातळ काच ठेवली, दिव्यावर शेकली, टीपकागदात धरून अंगठ्यानं दाबली. पेशी पुढे निघून गेल्या होत्या. परागकण बनूनच गेले होते, मोजायला काही उरलं नव्हतं. दुसरी काच, तिसरी काच, तेच. अंजनाबाईंनी सांगितलं होतं तसं ते आतून तयारच झालं होतं.

मग बारीक पोटरी. पहिल्याच काचेवर मी अंगठा जास्त दाबला आणि पातळ काच फुटली. कुमुदनं मला उठवलं आणि स्वतः काच बनवली. नंतर मी बसले, भिंग फिरवलं.

फिकट पेशीत गडद, आखूड गुणसूत्रं होती. मधोमध ओळीनं उभी. आमच्या जुन्या संकरात दिसायचा तो पसारा नव्हता. कडेला भटकणारी सात नव्हती. मी मोजायला लागले. मोजणी चौदाला थांबेल, असं मला पहिल्या क्षणी वाटलं. ती पुढे जात राहिली.

मी खुर्ची सोडली आणि कुमुदला सांगितलं की तू मोज आणि कागदावर लिही, मला सांगू नकोस. तिनं तीन पेशी मोजल्या. मी दुसऱ्या तीन मोजल्या. सगळ्या पेशी सारख्या नव्हत्या. एकीत चार गुणसूत्रं एकमेकांत गुंतली होती, तिथे कुमुदनं प्रश्नचिन्ह टाकलं. मग कागद शेजारी शेजारी ठेवले. बाकीच्या पाचही ठिकाणी एकच आकडा होता.

एकवीस जोड्या. बेचाळीस गुणसूत्रं.

औषधाचा बोळा नाही, काचेचं घर नाही. विहिरीच्या पाटावर एका फुटव्यानं आपणहून गुणसूत्रं दुप्पट केली होती. जे मी पाच वर्षं करू पाहत होते ते आष्टीकडच्या काळ्या मातीत घडून गेलं होतं, आणि ते घडल्याचं एका बाईच्या बोटांना कळलं होतं. कुमुदनं मला मिठी मारली. मी रडत होते की हसत, हे मला आजही सांगता येणार नाही.

अंजनाबाई बाकावर शांत बसल्या होत्या. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी त्यांना आपल्याच पापण्या दिसल्या. मग डोळा स्थिर झाला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. त्यांनी विचारलं की यातलं त्यांच्या गवताचं कोणतं. मी सांगितलं, सगळं तुमच्याच गवताचं. साध्या संकरात सात एकटी राहतात आणि म्हणून बी धरत नाही, हे त्यांना मी आदल्या दिवशी बसमध्ये समजावलं होतं.

“इथं एकटं कोनीच नाई,” त्या म्हणाल्या.

“कुणीच नाही.”

त्यांनी डोळा काढला आणि पदरानं भिंगाचं तोंड हलकेच पुसलं. मग म्हणाल्या की हे गावात सांगून कोणी ऐकणार नाही, तर लिहून द्या. कुमुदनं कॉलेजचा कागद आणला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की बाजरी आणि हत्ती गवत यांच्या संकराचं बी धरणारं ठोंब अंजनाबाईंनी ओळखलं, वेगळं लावलं आणि राखलं. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि ‘राखलं’वर बोट ठेवून म्हणाल्या, यांचंही नाव घाला, नाल्यावरचं गवत त्यांनीच आणलं. मी शंकररावांचं नाव घातलं.

सोमवारी सकाळी त्या आष्टीच्या बसनं जाणार होत्या आणि मी पुण्याच्या गाडीनं. पेटीत दोन मुठी बी होतं आणि ओल्या फडक्यात ठोंबाचा एक फुटवा. त्याआधी सरांना तार करायची म्हणून आम्ही दोघी तार ऑफिसात गेलो. गुरांच्या डॉक्टरांना चिठ्ठी अंजनाबाई स्वतः नेणार होत्या. मी देवनागरीत मजकूर लिहिला: ‘चौदा नव्हे. एकवीस जोड्या. बी घेऊन येते.’

खिडकीतल्या कारकुनानं तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की एकवीस जोड्या कोणत्या बाजारात घेतल्या, गवळाऊ आहेत का.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण अंजनाबाई पुढे झाल्या.

“बैल नाई, भाऊ. गवत आहे,” त्या म्हणाल्या. “माह्या वावरातलं.”